दाव्याला बांधलेला डायनासोर

आमची कारभारीण गेली तेव्हा घरात तिचा धड एक फोटो नव्हता. होता तो मतदानाच्या ओळखपत्रातला. त्यात ती अशी बघते, जशी काय समोरच्यानं तिची म्हैस सोडून नेलीय. तोच मोठा करून, काच घालून पोरानं भिंतीला लावला. येणारी माणसं त्याला हात जोडायची आणि मी खाटेवर बसून मनात म्हणायचो, ही बाई कोण? हिच्यासंगं जन्म काढला आणि हिला मी ओळखत नाही. त्याहून वाईट पुढंच झालं. रोज तेच तोंड बघून बघून माझ्या डोक्यातलं खरं तोंड पुसट व्हायला लागलं. डोळे मिटले की ओळखपत्रच समोर. उद्या मी हिला विसरून जाणार, ही भीती मला बसली. ती कुणाला सांगितली नाही. म्हातारा रडायला लागला की लोक चहा पाजतात, दुसरं काय करतात?

आम्ही कोल्हापूरच्या कसबा बावड्याचे. मी साखर कारखान्यात पोत्यांची तोंडं शिवायचो. शिक्षण चौथी, तेही मास्तर भला माणूस म्हणून. पोरगा लेथवर कामाला. सून राजारामपुरीतल्या एका फोटो लॅबचं काम घरी आणायची, लग्नाच्या अल्बमचं. दोन हजार साल मागं पडलं होतं, घरोघरी कॉम्प्युटर नव्हता, पण आमच्या मधल्या खोलीत होता आणि त्याला नेटची वायर पण होती.

तिचं काम मी शेजारी बसून बघितलेलं. नवऱ्याच्या मामानं नेमके डोळे मिटले असतील तर दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे आणून बसवायची. कुणाचं टक्कल झाकायची, कुणाचा पाहुणा उचलून कडेला ठेवायची. एका लग्नात नवरीची आत्या रुसून आलीच नव्हती. तिला हिनं बारशाच्या फोटोतनं काढून मागच्या रांगेत उभी केली.

मी म्हटलं, "काय गं, ही लग्नाला आलीच न्हवती म्हणतीस की."

"अल्बमात आली मामा," ती म्हणाली. "धा वर्सांनी कोण इचारतंय?"

त्या दिवसापासनं फोटो म्हटलं की माझा विश्वास उडाला. लोकांच्या घरात जाऊन अल्बम चाळताना मी कोण खरं आलंय आणि कोण चिकटवलंय तेच बघायचो.

कारभारणीचं दिवसकार्य होऊन थोडेच दिवस झाले असतील. दुपारी मी सोप्यात पडलो होतो आणि मधल्या खोलीतनं हसण्याचा आवाज आला. सून एकटीच. मी उठून दारात गेलो तर तिनं पटकन काहीतरी दाबलं आणि समोर नवरा-नवरी आले, हळद लावलेले.

"काय झालं गं हसाय?"

"कुठं काय मामा."

मी काय दूधखुळा नव्हतो. हळद लावलेल्या नवऱ्याकडं बघून इतकं कोण हसतं? पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी खोकलो की आवाज बंद. कुठंतरी पाणी मुरतंय हे मला कळलं. घरातलं माणूस जाऊन महिना होतोय आणि ही हसते कुणाबरोबर? पोराला विचारलं तर तो म्हणाला, "आबा, नेटवर दोस्त हायत तिचं. खेळ खेळत्यात." म्हणजे त्याला पण माहीत! नवऱ्याला माहीत असलेलं लफडं मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग एकदा ती म्हशीची धार काढायला गोठ्यात गेली आणि मी सरळ जाऊन तिच्या खुर्चीत बसलो. कशाला हात लावला नाही. लावायचं काय तेच माहीत नव्हतं. समोर फोटो होता. आपला रंकाळा, संध्याकाळची माणसं, भेळेच्या गाड्या, आणि पाण्यातनं मान वर काढून एक भलं मोठं जनावर एका माणसाच्या हातातली भेळ खात होतं. पाल असते तसली, पण आमच्या घराएवढी.

सून चरवी घेऊन आली आणि दारातच थांबली.

"ह्ये काय हाय?" मी म्हटलं.

"डायनासोर हाय मामा. पूर्वी असायचं. आता मेल्यात सगळं."

"मेल्यात तर भेळ कशी खातंय?"

मग तिनं चरवी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. नेटवर मराठी माणसांचा एक गट होता, सगळे फोटोचं वेड असलेले. पुण्याचा एक बँकवाला, बेळगावचा एक फोटोग्राफर, दुबईत एसी दुरुस्त करणारा एक साताऱ्याचा गडी, असे. एकानं जागा सांगायची, बाकीच्यांनी त्या जागेत डायनासोर आणून दाखवायचा. जागा बदलायची, जनावर तेच. बाजार, एसटी स्टँड, लग्नाचा मांडव. सगळ्यांचे फोटो आले की एकमेकांचे बघायचे आणि मत लिहायचं. गटाचा नियम होता, आधी एक गोष्ट चांगली सांगायची, मग खोट काढायची. सावली चुकलीय, उजेड उलट्या अंगानं आलाय, पायाखाली गवत दबलं नाही, असलं. जिंकणाऱ्याला काय? काही नाही. त्यानं पुढची जागा सांगायची.

"आन ह्यात तू रोज हसतीस?"

"तुमी बघा तरी."

मी बघायला लागलो. खरं सांगतो, हसायला नाही, तिच्यावर नजर ठेवायला. रोज दुपारी स्टूल ओढून तिच्याशेजारी बसायचो. ती लोकांचं लिहिलेलं वाचून दाखवायची आणि मी पडद्याकडं बघत असायचो, की ही एक वाचते आणि दुसरंच लिहिलंय की काय.

पण बसल्यावर तोंड गप्प राहत नाही. एकदा हिनंच आपल्याकडचा दूध कट्टा घेतला, जिथं म्हशीची धार थेट गिऱ्हाइकाच्या पेल्यात काढून देतात तो. म्हशींच्या रांगेत डायनासोर उभा, आणि गिऱ्हाईक हातात पेला घेऊन त्याच्या पोटाखाली वाकलंय. मी म्हटलं, "ह्येला आचळंच न्हाईत. पावणं पेला घिऊन कशाची वाट बघाय लागल्यात?" सून खुर्चीत वाकडी होऊन हसली आणि तिनं ते तसंच लिहून धाडलं, आमचे मामा असं म्हणतात म्हणून. त्यानंतर गट माझ्या मागंच लागला. कुणी फोटो टाकला की खाली विचारायचे, कोल्हापूरचे मामा काय म्हणतात?

मी काय म्हणणार? माझा कशावरच विश्वास नव्हता, तेवढीच माझी लायकी. पुण्याच्या बँकवाल्यानं रस्त्यावरचा फोटो टाकला. चौकात डायनासोर, पलीकडं उंट, माणसं आपली चालली आहेत. मी बारकाईनं बघितलं आणि निकाल दिला, "डायनासोर झ्याक बसिवलाय. पर ऊंट चिकटिवलाय. पुण्यात ऊंट कुठनं यील?" दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. "उंट खराच होता, पोरांना फेरी मारायला आणलेला. पण डायनासोर मामांना पटला, ह्यातच मी जिंकलो." मग आठवडाभर सगळे मला उंटावरनंच चिडवत होते. दुबईवाला लिहायचा, "मामा, माझ्याकडं खिडकीतनं ऊंट दिसतोय. चिकटवलाय का बघा."

असं सगळं बरं चाललं होतं. पण माझ्या ध्यानात एक गोष्ट यायला लागली. जुने फोटो दाखवताना सून एका ठिकाणी आली की बोट पटकन दाबायची आणि मधलं एक सरकून जायचं.

"मागं घे," मी म्हटलं.

"त्ये जुनं हाय मामा. चांगलं न्हाय जमलं."

"न जमल्यालंच मला बघायचंय. खोटं काढायचं काम माझं हाय न्हवं?"

"नगा वो मामा." आणि उठून चहा टाकायला गेली. चहाची वेळ नव्हती.

पोराला विचारलं तर त्यानं मान खाली घातली आणि म्हशीचं शेण काढायला गेला. हा पोरगा जन्मात सांगितल्याशिवाय शेणाला हात लावत नाही. म्हणजे दोघं मिळून लपवतायत. मग माझं डोकं फिरायला लागलं. काय असेल? माझाच फोटो असेल. म्हाताऱ्याच्या डोक्यावर डायनासोर बसवून सगळ्या दुनियेला दाखवला असेल. म्हणून तर मामा-मामा चाललंय गटात. आपली चेष्टा होते ती आपल्यालाच शेवटी कळते.

ते फुटलं ते बेळगावच्या फोटोग्राफरामुळं. नवीन जागा निघाली होती, "आपला गोठा". सून मला सगळ्यांचं लिहिलेलं वाचून दाखवत होती, सवयीनं, भरभर. "बेळगावकर लिहितात, गोठ्यात आत्तींच्या फोटोची सर कुणाला येणार नाही. मामांनी तो फोटो बघितला का?"

वाचून झाल्यावर तिला कळलं आपण काय वाचलं.

आत्ती म्हणजे तिची सासू. म्हणजे माझी कारभारीण.

"उघड," मी म्हटलं.

तिनं उघडला. आमचं अंगण. खुंट्याला दावं, दाव्याला डायनासोर. केवढा तरी. अंगणभर वळसा घालून बसलेला, तोंड गोठ्याकडं, शेपूट फाटकापर्यंत गेलेलं. आणि त्याच्या तोंडापुढं पेंडीच्या आंबोणाची बादली दोन्ही हातांनी धरून ती उभी. हिरवं लुगडं, ढोपरापाशी खोचलेलं. आणि हसत होती. तोंड उघडून, सगळे दात दाखवून.

सून घाबऱ्या घाबऱ्या बोलत होती. "आजारी पडायच्या आदीचा हाय मामा. लॅबचा क्यामेरा आणलाता मी. आत्तीच म्हणाल्या, माझ्या हातनं त्येला खायाला घाल म्हणून. खुट्टा बघून म्हणाल्या, एवड्या जनावराला ह्यो खुट्टा पुरंल व्हय, मोठा घाल. म्हणून मी मोठा घाटला. मग त्या गेल्या. तुमास्नी कसं दावायचं? म्हंटलं, बाई गेली आन हिनं तिची चेष्टा मांडली म्हणशीला."

मी खुंट्याकडं बघतच नव्हतो. मी दात बघत होतो. पांढरे शुभ्र.

आमच्या कारभारणीनं लहानपणापासनं मिश्री लावलेली. तिचे दात काळे होते आणि पुढचा एक अर्धा. त्यामुळं ती हसताना तोंडावर पदर घ्यायची. पदर घेतल्याशिवाय हसलेली मी तिला लोकांत कधी बघितली नाही. आणि ही बाई उघड्या तोंडानं हसते, जाहिरातीतल्यासारखी.

"ह्ये हसू कुणाचं हाय?" मी म्हटलं.

"म्हंजे?"

"कुठल्या लग्नातनं काढलंस? कुणाच्या आत्याचं हाय?"

सुनेच्या डोळ्यात पाणी आलं. "आत्तींचंच हाय. दात तेवडं पांढरं केलं मी. त्यांनीच सांगिटलं, बाईचं काळं दात दुबईला दिसाय नगंत म्हणून. बाकी कशाला हात लावला न्हाय."

"तुझं काय खरं? न आलेली आत्या तू मांडवात हुबी करतीस."

हे तिला लागलं. पण माझंही तसंच झालं होतं. ते हसू खरं असलं तर मला माझी बायको परत मिळत होती. खोटं असलं आणि मी फसून ते डोक्यात घेतलं, तर जे थोडं उरलं होतं तेही गेलं. ओळखपत्रावर आणखी एक पडदा.

सुनेनं तोंड पुसलं आणि त्या फोटोखाली लोकांनी लिहिलेलं काढलं. "तुमी ऐका. मग बोला." सगळ्यांनी कौतुक केलं होतं. पण बेळगावच्यानं एक खोट काढली होती. "काकूंचं हसू लाख मोलाचं. पण डोळे चुकले. जनावराचं तोंड समोर असताना त्या शेपटाकडं बघून का हसतायत? बुबुळं थोडी सरकवा." बँकवाल्यानं पण तेच लिहिलं होतं. आणि खाली सुनेचं उत्तर. "आमच्या आत्ती कुणाकडं बघून हसतायत ते मला माहीत आहे. डोळे हलवणार नाही. नंबर नाही दिला तरी चालेल." नंबर नव्हताच दिला.

मी परत फोटो बघितला. खरंच, डोळे शेपटाकडं होते. फाटकाकडं.

आता मला दुसरीच शंका आली. तिथं कोण होतं? शेपूट नेमकं तिथंच का आणलंय? ते झाकायला? चारचौघांत पदर घेणारी बाई कुणाकडं बघून अशी उघडी हसली? माणूस म्हातारा झाला, बायको मेली, तरी ही कीड मरत नाही. मी सुनेला म्हटलं, "शेपटामागं कोण हाय?"

ती माऊस सोडून माझ्याकडं वळली.

"शेपूट काढ. मला मागचा माणूस बघायचाय."

तिनं कपाटातनं सीड्यांचा डबा काढला. एक घातली, ती नव्हे, दुसरी घातली. मशीन घरघरत होतं. मग मूळ फोटो आला. डायनासोर नाही. दावं रिकामं. म्हैस आत गोठ्यात, तिची नुसती शिंगं दिसत होती. अंगणाच्या मधोमध कारभारीण वाऱ्यापुढं बादली धरून उभी, दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पदर घेता आला नव्हता. दात काळे. पुढचा अर्धा. आणि फाटकात, सायकलच्या कॅरेजवर वैरणीचा भारा, एक पाय खाली टेकलेला, तोंड बोंबलायला उघडलेलं, मी.

"काय म्हणत हुतो मी?"

सुनेला तोंडपाठ होतं. "म्हणालासा, अगं ए, म्हस तिकडं वरडाय लागलीया आन तू वाऱ्याला आंबोण चारतीस व्हय? डोस्कं फिरलं काय तुजं?"

तो दिवस मला आठवत नाही. असं मी रोजच बोंबलायचो. पण फोटो खरा आहे हे मला पटलं. दुनियेतली कुठलीही सून, कितीही हुशार असली तरी, असल्या तोंडाचा सासरा मुद्दाम आणून चिकटवणार नाही.

मी म्हटलं, "दात हायत तसं ठेव."

त्या दुपारी ती दोन वेळा चहा घेऊन आली. मी तिथंच बसलो होतो, त्या फोटोपुढं. ती गटाला उत्तर लिहायला बसली आणि मला म्हणाली, "मामा, बेळगावकरांना काय सांगू?" मी सांगितलं, "लिव्ह. पावणं, खोट बरोबर काढलीसा. पर ती दुरुस्त हुणार न्हाय." तिनं लिहिलं. कारण कुणी विचारलं नाही. चांगली माणसं होती, उंटाच्या वेळी नसली तरी.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी मी पोराला सांगितलं की भिंतीवरचा तो ओळखपत्राचा फोटो उतरव आणि हा मोठा करून आण. त्यावर घरात नुसती सभा भरली. कारभारणीचा धाकटा भाऊ आला होता. त्यानं मूळ फोटो बघितला आणि कानाला हात लावला.

"दाजी, ह्यो लावू नगा."

"का? बहीण हसल्याली बघवंना व्हय तुला?"

"तसं न्हवं. तुमी हायसा की ह्यात. जित्या माणसाला हार घालत्यात व्हय? इपरीत हाय त्ये."

"मग हार घालू नगा."

"वर्षश्राद्ध हाय, हाराबिगर कसं चालंल? लोक काय म्हणतील?"

सुनेनं हळूच सांगितलं, "मामा, तुमास्नी कापते मी. फाटकाच्या अलीकडनं."

मला काय, कापा म्हटलं. मी घरातच आहे, फोटोत नसलो तरी कुठं जातो? तिनं फाटकाच्या अलीकडनं कापून, मोठा करून आणला. अंगण, बादली, काळे दात, हसू. सगळं होतं. पण आता ती कुणाकडंच बघत नव्हती. चौकटीच्या कडेकडं बघून हसत होती, येड्या माणसासारखी.

"जनावर पायजे का परत?" पोरगा म्हणाला, चेष्टेनं. सुनेनं त्याला कोपरानं ढोसलं.

मेव्हण्याचं म्हणणं, गेलेल्याचा फोटो दक्षिणेच्या भिंतीलाच लागला पाहिजे. त्यानं स्वतः खिळा मारला, स्वतः फोटो टांगला, वरनं हार सोडला. मी मनात म्हटलं, फोटो जाईना का दुसऱ्या भिंतीला. तो जेवायला आत गेल्यावर मी पोराला म्हटलं, "खाट धर."

"कुठं न्यायची?"

"त्या खिडकीखाली. ती बघतीया तिकडं."

"आबा, खिडकीतनं गोठा लागतोय. डास फोडून खात्याल तुमास्नी."

"मला खात्यात. तुला खात न्हाईत न्हवं? धर."

आम्ही खाट ओढली. सून फोटोखाली उभी राहून बघत होती, एकदा फोटोकडं, एकदा माझ्याकडं, लोकांच्या चित्रात खोट काढताना बघायची तशी.

"अजून थोडी मागं मामा. अजून... हां, आता बसली नजर. बरोबर."

"तुझ्यावर कोण इश्वास ठेवणार?" मी म्हटलं. "हो बाजूला. मला बसून बघू दे."